सुट्टीच्या अभ्यासाला बक्षीस नको, वाचक हवा

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे यांस



दिवाळीची सुट्टी लागते तशी शाळाशाळांतून अभ्यासाची यादी निघते. दहा पाने शुद्धलेखन, दोन ते तीस पाढे पाच वेळा, झालेल्या सगळ्या धड्यांची प्रश्नोत्तरे. सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत घराघरांत रडारड होते आणि ‘मूल घरी अभ्यासाला बसतच नाही’ ही पालकांची तक्रार कायम राहते. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तासांचा, असे सांगितले आहे. पण माझा मुद्दा निव्वळ ओझ्याचा नाही. ती वही पुढे कुठे जाते, ते पाहा. पानाच्या तळाशी लाल शाईत ‘पाहिले’ आणि एक सही. दहा पाने लिहिणाऱ्या मुलाने काय लिहिले, कुठे अडखळले, याबद्दल एक अक्षर नाही. आपले लिहिणे कुणी वाचत नाही, हे तिसरीतल्या मुलालाही कळते. तिथेच त्याचे मन अभ्यासातून उठते.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आमिष: अभ्यास कर, चॉकलेट देतो, मोबाइल देतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्रे काढलीत तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. गोडी असलेल्या कामाचा सौदा केला की गोडी जाते. याची दुसरी बाजू आपण महाराष्ट्रातच पाहिली. करोनाकाळात सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका लागे. घरातल्या साध्या वस्तू घेऊन, घरच्यांच्या सोबतीने मुलाने काही करून पाहावे, अशी तिची रचना होती. अभ्यासाला करून पाहण्याजोगे काम आणि सोबत लागते, हे तिने नेमके ओळखले होते.

सरावाशिवाय पाढे कसे येणार, असे शिक्षक विचारतील. सराव हवाच. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. अशा वेळी सराव सोडा म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण आलेला पाढा पाच वेळा उतरवणे हा सराव नव्हे, हाताला दिलेली शिक्षा आहे. न येणारा एकच पाढा मुलाने स्वतः निवडून पक्का करावा. वह्या वाचायला वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे आणि शिक्षकांवरची अशैक्षणिक कामे पाहता ती हलकी मानता येत नाही. म्हणूनच दहा पानांऐवजी एक पान मागावे, ते वाचून होते. सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोड मजुरांच्या मुलांचा. आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात, मागे राहिलेल्या मुलाजवळ आजी असते आणि तिला अनेकदा अक्षरओळख नसते. तरी नातवाने वाचलेली गोष्ट ती ऐकू शकते, ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारू शकते. तिला शिकवता आले नाही तरी चालेल, ऐकणारे माणूस मात्र हवे.

आपली परिषद शिक्षकांना प्रशिक्षण देते, म्हणून ही विनंती आपल्याकडे. येत्या दिवाळीच्या सुट्टीसाठी शाळांना एवढेच कळवा: तीन-चार कामांतून मुलाला एक निवडू द्यावे, ते एका पानात मावावे, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक पानावर शिक्षकांनी त्या मुलासाठी एक ओळ लिहावी. ‘पाहिले’ एवढ्यावर भागवू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक पालक