यंदाचं वाचन, सालवार

जुन्या पुस्तकांच्या दुकानात आत्मचरित्रांना वेगळा कप्पा नसतो. ती सापडतात स्पर्धापरीक्षांच्या गाइडांखाली, नाहीतर पाककृती आणि होमिओपथीच्या मधोमध. नाशकात मी ज्यांच्याकडे नेहमी जाते त्या दुकानदारांना मागे विचारलं, "काका, बायकांची आत्मचरित्रं कुठे ठेवता?" ते म्हणाले, "ताई, जाड असलं की डावीकडे, बारीक असलं की उजवीकडे." ग्रंथालयशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण त्यांचं दुकान याच शास्त्रावर चाललंय आणि बरं चाललंय.

तर डावीकडे मिळालं सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी'. पुठ्ठा सुटलेला, आत कुणीतरी पेन्सिलीने रागारागाने केलेल्या खुणा. पुलंच्या भक्ताच्या असाव्यात. उजवीकडे हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' मिळालं, आणि त्याच्याखाली, मी आशा सोडलेली असताना, बाया कर्व्यांचं 'माझे पुराण'. काकांनी वजनावर भाव लावला. मी घासाघीस केली नाही. असं पुस्तक हाती लागल्यावर चेहरा कोरा ठेवणं हेच मोठं काम असतं.

नवीन पुस्तकांच्या दुकानातून पूर्ण किंमत मोजून आणलेली वेगळी. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', उर्मिला पवारांचं 'आयदान', आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे शेवटचं घरात होतंच. पण ते निघालं संक्षिप्त, आणि 'स्मृतिचित्रे' संक्षिप्त वाचणं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून घेऊन उरलेली पोळी खाणं. घेणाऱ्यांना एवढंच सांगते: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तकाचे हक्क खुले होतात, आणि लक्ष्मीबाई गेल्या 1936 साली. त्यामुळे बाजारात या पुस्तकाच्या आवृत्त्या भरपूर आहेत, स्वस्तही आहेत. मुखपृष्ठ बघून भुलू नका, आतल्या पानावर 'संक्षिप्त' हा शब्द आहे का ते आधी शोधा.

एवढी खरेदी एका दमात करण्याचं कारण या वर्षीचा संकल्प. जानेवारी आला की वाचणारी माणसं आकडे जाहीर करू लागतात. वर्षात पन्नास, आठवड्याला एक, शंभर. मला या आकड्यांचा धाक कधी वाटला नाही, संशय मात्र वाटतो. श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड आणि नव्वद पानांची एखादी लघुकादंबरी, आकड्यात दोघांचा मान जवळपास सारखाच. मग माणूस कुठल्या वाटेला जाणार? माझ्या ओळखीच्या एक बाई डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात नातवाची पंचतंत्राची पुस्तकं एकेक करून मोजताना आढळल्या. त्यांनी आकडा गाठला. नातवाचीही करमणूक झाली, त्यामुळे तक्रार कुणाचीच नाही.

मी ठरवलंय ते असं: मराठी बायकांनी सांगितलेल्या स्वतःच्या कहाण्या, छापून आल्या त्या सालाच्या क्रमाने, महिन्याला एक. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'पासून, म्हणजे 1910पासून, 2003च्या 'आयदान'पर्यंत. यादी काढली तर बरोबर बारा झाली. अर्थात बारा व्हावीत म्हणून कुणाकुणाला वगळलं हे माझं मला ठाऊक. माधवी देसाईंचं 'नाच ग घुमा' आणि आनंदीबाई शिर्क्यांचं 'सांजवात' पुढच्या वर्षी.

यातली बरीचशी मी पूर्वी वाचली आहेत, पण विखुरलेली. एक कॉलेजात, एक बाळंतपणात, एक कुणी भेट दिलं म्हणून. सालवार वाचायला लागल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा नजरेत भरली. या प्रत्येकीच्या आयुष्यात अक्षर कुणाच्या ना कुणाच्या हातून आलंय, आणि तो हात दर पुस्तकात बदलत जातो.

रमाबाईंकडे तो हात नवऱ्याचा. 1873 साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती रानडे एकतीसचे. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माणसाने वडिलांच्या शब्दाखातर कुमारिकेशी लग्न केलं म्हणून बाहेर टीका झाली. घरात आणखी निराळं. नवरा शिकवतोय आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यावरून टोचून बोलताहेत, असा तो काळ. रमाबाई हे सारं नवऱ्याच्या थोरवीच्या सावलीत बसून लिहितात, आणि त्यांचा स्वतःचा छळ ओळींच्या फटीतून वाचावा लागतो. मला त्यातली कलकत्त्याची आठवण फार आवडते. रानडे तिथे बंगाली शिकत होते. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यापुढे पुस्तक धरायचं आणि अडलेला शब्द त्यालाच विचारायचा. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होऊ घातलेला माणूस न्हाव्याची शिकवणी लावतो, याचं रमाबाईंना हसू आलं. ते हसू त्यांनी पुस्तकात ठेवलं हे बरं केलं. एरवी त्या पुस्तकात नवऱ्याला हसायला फारशी जागा नाही.

ती जागा लक्ष्मीबाईंनी करून दिली. 1934 ते 1936 या काळात 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी आलं. लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथून जवळच. लहानपणी शाळा नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सगळं घर जेरीस आलेलं. पुढे नवरा मिळाला तो कवी, हळवा, तापट, हाती आलेला पैसा वाटून टाकणारा, आणि एक दिवस बायकोला न सांगता ख्रिस्ती होणारा. ते साल 1895. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत, तिथवर पोचल्या. हे सगळं रडत सांगायचं तर सहज सांगता आलं असतं. त्यांनी ते हसत सांगितलं, आणि नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही पुरं केलं. पूर्ण आवृत्तीत सध्या मी इथे अडकले आहे. महिना संपत आला तरी पुस्तक संपत नाही, कारण मागची पानं पुन्हा उलटली जातात. आकड्यांचा संकल्प केला असता तर एव्हाना घाम फुटला असता.

क्रमात त्यांच्या आधी येतं 1928चं 'माझी कहाणी', पार्वतीबाई आठवल्यांचं, आणि नंतर 1944चं 'माझे पुराण'. या दोघी सख्ख्या बहिणी. माझ्या मते यंदाच्या यादीतली ही सगळ्यांत चविष्ट जोडी आहे आणि ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत. दोघी कोकणातल्या, दोघी लहान वयात विधवा. थोरली गोदू, म्हणजेच पुढच्या बाया, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली, आणि 1893 साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. या लग्नापायी कर्व्यांच्या गावी, मुरूडला, केवढा बहिष्कार पडला, ते सर्वांना ठाऊक आहे. धाकटीने दुसरं लग्न केलं नाही. ती हिंगण्याच्या आश्रमात आली, शिकली, आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरली, आणि पन्नाशीकडे झुकलेली असताना 1918 साली इंग्रजी धड येत नसताना एकटी अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. परत आली ती संस्थेसाठी निधी घेऊनच.

आता थोरलीचं पुस्तक उघडा. अण्णा कर्वे म्हणजे पुढे 1958 साली भारतरत्न मिळालेले महर्षी. पण हातात येईल ते संस्थेला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे महर्षींच्या चरित्रकारांना विचारून कळत नाही. ते बायांना विचारावं लागतं. बाया आडपडदा ठेवत नाहीत. करवादतात, टोमणे मारतात, हिशेब मांडतात, आणि तरीही त्या माणसाचं मोठेपण कमी करत नाहीत. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' 1915चं. नवरा, बायको आणि मेहुणी, तिघांची तीन पुस्तकं, आणि एकच संस्था तीन खिडक्यांतून दिसणारी. असं त्रिकूट दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला वाचायचंय.

जाता जाता एक गंमत. पार्वतीबाईंच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने केलं, 1930 साली. त्याच्या एकच वर्ष आधी याच गृहस्थाने संत बहिणाबाईंचं आत्मकथन इंग्रजीत नेलं होतं. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. त्यांनी सतराव्या शतकात अभंगांतून आपलं आयुष्य सांगितलं, आणि या जन्मावर न थांबता मागच्या जन्मांचीही हकिकत दिली. म्हणजे माझी यादी 1910ला नव्हे, त्याच्या अडीचशे वर्षं आधी सुरू व्हायला हवी. तो अभंगांचा गठ्ठा मी यादीच्या बाहेर, उशाशी ठेवला आहे. त्याला महिन्याची मुदत नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगते, कारण ते अजून यायचे आहेत. हंसा वाडकरांच्या बाबतीत लिहिणारा हात परका आहे. त्या बोलल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. नाव घेतलं त्यांच्याच 1959च्या गाजलेल्या तमाशापटाचं. पुस्तक 1970चं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' काढला. त्यातली स्मिता पाटील डोळ्यांसमोर असताना हे पुस्तक वाचणं कठीण जातं, म्हणून सिनेमा पुन्हा बघायचा नाही असं ठरवलंय. दुर्गा खोट्यांचं 1982चं. मल्लिका अमरशेखांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' 1984चं. ते उन्हाळ्यात येऊ नये एवढीच माझी इच्छा होती, क्रमाने ते पावसाळ्यात येतंय. शांताबाई कांबळे स्वतः शिक्षिका. त्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'वरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली होती, ती आमच्या पिढीतल्या काहींना आठवत असेल.

आणि मग बेबी कांबळे. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. पुढे वाचनालयही लावलं. लिहीत मात्र राहिल्या घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं. ते लिखाण बाहेर आलं 'स्त्री' मासिकातून, आणि 1986 साली त्याचं पुस्तक झालं. रमाबाईंना नवऱ्याने शिकवलं, बायांना संस्थेने. इथे मात्र शिकवायला कुणी आलेलं नाही, पुडी बांधायचा कागदच तेवढा आहे. आणि एवढ्या कष्टाने हाती आलेलं अक्षर बाई स्वतःसाठी अगदी कमी वापरते. 'जिणं आमुचं'मध्ये त्यांचा स्वतःचा संसार फार थोडा, आणि महारवाड्यातल्या सुनांचे हाल, पोतराज, भूक, आणि बाबासाहेबांमुळे पालटलेलं वारं, हे भरभरून. आत्मचरित्र म्हणून घेतलेल्या पुस्तकात लेखिका सापडत नाही म्हणून मी कॉलेजात असताना ते अर्ध्यात ठेवलं होतं. आता सालवार, रमाबाई वाचून झाल्यावर, तिथे पोचायची उत्सुकता आहे. रमाबाईही स्वतःला मागे ठेवतात, पण एका माणसासाठी. बेबीताई मागे राहतात ते अख्ख्या वस्तीला पुढे करून. हा फरक दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचल्याशिवाय माझ्या तरी ध्यानात आला नसता.

सुनीताबाईंवर मी आज लिहीत नाही. त्यांच्यावर बोलायला लागलं की घरात दोन तट पडतात आणि स्वयंपाक राहतो. उर्मिला पवारांच्या आई बांबूची आयदानं विणून मुलं वाढवत होत्या. ते पुस्तक डिसेंबरात येईल.

संकल्पाला पोटनियम दोनच. यादी संपेपर्यंत नवी आत्मचरित्रं विकत घ्यायची नाहीत. पुरुषांची तर नाहीतच. त्यांनी शंभर वर्षं कपाट अडवलंय, एक वर्ष थांबतील. आणि जे विकत मिळणार नाही ते वाचनालयातून आणायचं. आमच्या गावाला 1840 सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेव्हा दुकानात नाही म्हणून वाचलं नाही ही सबब नाशिककराला शोभत नाही.

मोबाइलवर वाचण्याचा सल्ला मुलाने दिला होता. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन होऊन फुकट मिळतात, हे खरं आहे, आणि रमाबाईंची काही पानं मी तशी वाचलीही. पण मला समासात पेन्सिल चालवायची असते. त्या पुलंभक्ताशी माझे बरेच वाद व्हायचे आहेत.

बारापैकी एक पुस्तक अजून हाती लागलेलं नाही. लीलाबाई पटवर्धनांचं 'आमची अकरा वर्षे'. माधव जूलियनांशी झालेल्या संसाराची ही हकिकत, 1945 सालची. कवी 1939 साली गेले, तोवरची अकरा वर्षं. जाड की बारीक तेही मला ठाऊक नाही, त्यामुळे काकांच्या दुकानात दोन्ही बाजू धुंडाळून झाल्या. यादीत त्याचा नंबर मे महिन्यात लागतो. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर या सदराच्या पत्त्यावर कळवावं. मी येऊन घेऊन जाईन, महिन्याभरात कव्हर घालून परत करीन, आणि पेन्सिल लावणार नाही.