पोचणे आणि थांबणे

आपल्या भाषेत घोडा जितका टिकून आहे तितका तो आपल्या जीवनात उरलेला नाही. वरातीमागून घोडे आपण रोज दामटतो, काम अडले की घोडे कुठे पेंड खाते ते विचारतो आणि परीक्षा आटोपली की आपले घोडे गंगेत न्हाते. प्रत्यक्षातला घोडा मात्र लग्नाच्या वरातीत, माथेरानच्या चढावर, नाही तर सारंगखेड्याच्या यात्रेत भेटला तर भेटतो. अशा काळात कला शाखेच्या एका मुलीने लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचा नाद लावून घ्यावा, हे आमच्या घरी कोणालाही पटलेले नाही. आजीने तर, "घोड्यावर बसायचं ते नवऱ्यानं!" एवढ्या एका वाक्यात निकाल देऊन टाकला.

तेव्हा आधी हा नाद काय आहे ते सांगते. घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे मैदान येते. तिथला खेळ दोन-तीन मिनिटांत संपतो. आमचा खेळ चाळीस, ऐंशी, क्वचित एकशे साठ किलोमीटरचा. वाट माळाची, चढउताराची. ती टप्प्याटप्प्यांनी कापायची आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी घोडा पशुवैद्यापुढे उभा करायचा. ठरवून दिलेल्या मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके, सामान्यतः मिनिटाला ६४ पर्यंत, खाली यावे लागतात. मग वैद्य हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात आणि शेवटी घोड्याला दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगतात. सर्वांच्या आधी पोचलेला घोडा लंगडला की बाद. या खेळात स्त्री-पुरुष असे वेगळे गट नसतात, आणि घोड्याला तर स्वाराच्या पदवीशी काहीच कर्तव्य नसते.

या खेळाला आजचे रूप आले ते अमेरिकेत. १९५५ साली कॅलिफोर्नियातील वेंडेल रॉबी नावाच्या गृहस्थाने टाहो सरोवराच्या बाजूने ऑबर्न गावापर्यंतची शंभर मैलांची डोंगरवाट काही सोबत्यांसह एका दिवसात घोड्यावरून पार केली. आजचे घोडेही पूर्वीच्या घोड्यांइतकेच दमदार आहेत, हे त्याला सिद्ध करायचे होते. 'टेव्हिस कप' या नावाने ती फेरी आजही होते. चोवीस तासांत धडधाकट घोड्यानिशी पोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचे बक्कल मिळते, मग तो पहिला असो वा शेवटचा. १९६४ पासून तिथे आणखी एक मान दिला जातो. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत उत्तम स्थितीत असेल त्याला 'हॅगिन कप' मिळतो. १९७२ साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेचे ब्रीदच आहे की, पोचला तो जिंकला.

मी या ब्रीदाच्या प्रेमात पडले होते. आज त्याच्याविषयी दोन शब्द लिहायचे आहेत, ते त्या प्रेमाला तडा गेला म्हणून.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला तो सरकारातून मिळे. माझ्यासारखा हौशी स्वार हा आजचा बारगीर होय. घोडा विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या चंदीचा खर्च झेपत नाही. मी आठवड्यातून तीन दिवस पहाटे एका खाजगी पागेत जाऊन खरारा करते, लीद काढते, आणि त्या बदल्यात मालक मला एका घोडीवर बसू देतात. तिचे नाव हरणी. तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दारांना आम्ही सर्व मामा म्हणतो.

द्वितीय वर्षाला असताना हरणीला घेऊन मी पहिल्या चाळीस किलोमीटरला उतरले. वीस किलोमीटरला दोन तास घ्यायचे, असा माझा कागदावरचा हिशेब. पण सुटताक्षणी पुढे दहा-बारा घोडे धावताना दिसले आणि कागद खिशातच राहिला. हरणी ओढत होती, मी तिला ओढू दिले. सव्वा तासात आम्ही टप्प्यावर हजर! मला वाटले, घोडा मैदान मारले. वैद्यांनी ठोके मोजले तर ८४. पाणी मारले, सावलीत फिरवले. मुदत संपताना ७२. हरणी पाण्याला तोंड लावीना. पोटातला आवाज जवळजवळ बंद झालेला. वैद्यांनी शिरेतून सलाईन सुरू केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज रात्री हिच्याजवळ कोणीतरी थांबा."

मामा आणि मी थांबलो. डिसेंबरची रात्र. मामांनी मला एका शब्दाने दूषण दिले नाही. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "ताई, ती तुमाला न्हाई म्हनत नसती. तिच्या वतीनं तुमीच न्हाई म्हनायचं असतं." पहाटे चारच्या सुमारास हरणीने लीद टाकली आणि आम्ही दोघे हसत सुटलो. आजवर मला मिळालेल्या कोणत्याही बक्षिसाचा तेवढा आनंद झालेला नाही.

मागाहून मी वाचू लागले तेव्हा कळले की, माझी चूक घोडीच्या शरीररचनेविषयीच्या अज्ञानाची होती. आपल्या घामापेक्षा घोड्याच्या घामात क्षार पुष्कळ अधिक असतात. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने रक्त दाट झाल्याची सूचना मेंदूला नीट पोचत नाही, आणि शरीर सुकत चाललेले असताना घोड्याला तहानच लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, घोड्याचे हृदय आणि स्नायू काही महिन्यांच्या सरावाने तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडे यांना वर्ष, दीड वर्ष लागते. म्हणजे दम आलेला घोडा पायाने अजून कच्चाच असतो. शाळेतले ते कोडे सर्वांना ठाऊक आहे. पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. फिरवल्यामुळे काय होते, हे मात्र कोड्यात सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, अनुभवी लोकांच्या हातून असे होत नसेल. तसे नाही. २०१५ साली घोड्यांच्या हालांच्या प्रश्नावरून आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले होते. २०१८ साली अमेरिकेतील ट्रायॉन येथील जागतिक स्पर्धा उष्मा आणि दमट हवेमुळे अर्ध्यावर थांबवावी लागली. पैसा आणि मानमरातब जिथे मोठा, तिथे मोहही मोठा. मी तर केवळ दहा-बारा घोडे पुढे दिसले एवढ्यावर वाहवले. तेव्हा इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

"मग हा खेळ हवाच कशाला?" माझ्या एका मैत्रिणीने मला असे सरळ विचारले. प्रश्न खोटा नाही. घोड्याने प्रवेशपत्रिका भरलेली नसते आणि त्याला आपले नाव मागेही घेता येत नाही. याला माझ्यापाशी संपूर्ण उत्तर नाही. एवढे मात्र मी पाहिले आहे की, नीट तयार केलेली, नीट पाणी पाजलेली घोडी सकाळच्या माळावर कान टवकारून चालते आणि खोगीर दिसले की स्वतः पुढे येते. नाव मागे घेण्याचे तिचे काम जर स्वाराने प्रामाणिकपणे केले, तरच या खेळाला काही नैतिक आधार आहे. एरवी तो नाही.

म्हणूनच पोचला तो जिंकला हे ब्रीद मला आता अपुरे वाटते. पहिला येण्याच्या हव्यासातून ते सोडवते खरे, पण पोचण्याच्या हव्यासात गुंतवून ठेवते. शेवटचे पाच किलोमीटर उरले असताना "आता एवढेच तर!" असे आपण म्हणतो, आणि घोड्याचे नुकसान नेमके त्या एवढ्याशात होते. अमेरिकेतल्या नोंदींत स्वार आपण होऊन थांबला तर त्याचा वेगळा रकाना असतो. आपल्याकडे अशा नोंदीचे कौतुक झालेले मी पाहिलेले नाही. माझी सूचना साधी आहे. नवशिक्या स्वारांना पहिल्या वर्षी क्रमांक देऊच नयेत. खोगिरावर बसवण्याआधी त्यांना ठोके मोजायला आणि पोटाचा आवाज ऐकायला शिकवावे. आणि बक्षीस समारंभात घोड्याच्या उत्तम स्थितीचे पारितोषिक सर्वांत शेवटी, मानाचे म्हणून द्यावे, उरल्यासुरल्या टाळ्यांत उरकू नये.

त्या रात्रीनंतर हरणीला पुरती विश्रांती दिली. मग तीन महिने मी तिला केवळ चालवले. उतारावर मी खाली उतरून तिच्याबरोबर पळायला शिकले. टेव्हिसच्या वाटेवर १९७३ साली घोडा लंगडल्याने थांबावे लागलेला गॉर्डी एन्स्ले १९७४ साली ती सबंध वाट चोवीस तासांच्या आत पायी धावला होता. मला दोन किलोमीटरमध्येच धाप लागते, पण हरणी काय करते आहे हे मला माझ्या पायांना कळू लागले. पुढच्या हिवाळ्यात आम्ही चाळीस किलोमीटर पुरे केले. शेवटून दुसरा क्रमांक, ठोके ५६.

या वर्षी साठ किलोमीटर होते. चाळिसावर वैद्यांनी आम्हांला पुढे जायला परवानगी दिली. ठोके ठीक, चाल ठीक. तरीही मघाच्या उतारावर हरणी एकदा किंचित कचरली होती. वैद्यांनी ते पाहिले नव्हते, मी पाहिले होते. पाच मिनिटे मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले आणि मग कार्ड परत देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी तिचा पुढचा उजवा पाय हाताला थोडा गरम लागला. आठवड्यात उतरला.

घरी गेल्यावर बाबांनी विचारले, "मग, पोचलीस का?"

"नाही," मी म्हटले, "पण या खेपेला मी शिकले."

त्यांना ते कितपत कळले कोण जाणे. मामांना मात्र कळले असावे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच हरणीचा तोबरा माझ्या हाती दिला आणि स्वतः विडी ओढायला बाहेर गेले.

(तृतीय वर्ष, कला)