भेकराला कुठली गोळी लागते?

मागच्या शनिवारी लेख टाकला नाही, म्हणून दोघा-तिघांनी विचारणा केली. मंडळी, मी आजोळी होतो, रेवसला. आणि परत आल्यापासून डोक्यात एकच विषय आहे. तो लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, तेव्हा आज जरा सहन करा.

हापिसातला एक मित्र सोबत आला होता. (नाव लिहीत नाही, तो हे वाचतो.) भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तशी साहेबांची रायफलींवरची शिकवणी सुरू झाली. हरणाला .३०८ बरी की .३०-०६? ६.५ क्रीडमूर कशी सपाट जाते, कुठलं काडतूस किती ‘ग्रेन’चं. हे सगळं ज्ञान यूट्यूब आणि गेममधून आलेलं. प्रत्यक्षात गड्याने फक्त जत्रेत फुगे फोडलेत, तेही पाचातले दोन. पण मी तरी कुठे शहाणा? रेवसचा धक्का दिसेपर्यंत मीही त्याच्याशी हिरिरीने भांडत होतो. प्रोसेसरवर किंवा बाईकवर भांडतो तसंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामाने उठवलं. मामाची थोडी जमीन कनकेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. भात झाला की तिथे वाल करतो. तिथून कोणीतरी निरोप आणला होता.

ओढ्याच्या काठाला एक भेकर पडलं होतं. जिवंत होतं. रात्री कोणीतरी बॅटरी मारली असणार, डोळे चमकले असणार आणि डुक्कर समजून (किंवा न समजता) बार काढला असणार. पोटात दोन भोकं, मागच्या पायात एक. पाय उचलायचा प्रयत्न करायचं, परत पडायचं. माश्या बसायला लागल्या होत्या. मामाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "छर्रे. असंच होतं रे. मरत नाय लवकर, जातं फरफटत."

आम्ही फोन केला. माणूस यायचा तो लांबून यायचा होता. त्याचा दोष नाही. आम्हाला हात लावायचा अधिकार नव्हता आणि आमच्यापैकी कोणाची छातीही नव्हती. साडेदहाच्या सुमाराला ते आपलं आपण शांत झालं. म्हणजे रात्रीपासून धरलं तर आठ-नऊ तास. मित्राने त्या दिवशी कॅलिबर हा शब्द काढला नाही.

परत आल्यावर हा प्रसंग सांगितला, तेव्हा मला दोन प्रकारची माणसं भेटली. हा लेख त्या दोघांविरुद्ध आहे.

पहिला प्रकार म्हणजे कॅलिबर-पंडित. त्याला गोळीचा वेग पाठ, पण ती गोळी कशासाठी असते हे माहीत नाही. दुसरा प्रकार म्हणजे "ई, शिकार? हा विषयच नको" असं म्हणून पान उलटणारा. त्याच्या मते १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, शिकार बंद झाली, विषय संपला. गोळ्यांबद्दल बोलणं म्हणजे शिकारीला उत्तेजन देणं.

आधीच स्पष्ट करतो: हरणाची शिकार पुन्हा सुरू करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. चितळ, सांबर, भेकर यांच्यावरची बंदी योग्य आहे आणि ती राहिलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की बंदी असूनही बार निघतातच. काही चोरून, काही कायद्याच्या परवानगीने. आणि तो बार कुठल्या काडतुसाचा असावा, हा प्रश्न आपण सोवळ्यातला करून ठेवलाय.

आता थोडं गणित. (इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठेतरी वसूल व्हायला हवीत!)

कोकणात शेतकऱ्याकडे बंदूक असते ती बहुधा पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. एकनळी, बारा बोअर, नाहीतर ठासणीची. बारा बोअरचं काडतूस म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं तेच. मोठ्या जनावरासाठी त्यात ‘एल.जी.’ छर्रे वापरतात. एका काडतुसात साधारण सहा, प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या आसपास. नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला चारशे मीटर धरा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. एका छर्ऱ्याची ऊर्जा आली सुमारे ३६० जूल.

सहा छर्रे मिळून दोन हजारांच्या वर जातात, मग अडचण काय? अडचण ही की ते सहाही एका ठिकाणी लागत नाहीत. पस्तीस-चाळीस मीटरवर साध्या नळीतले छर्रे जवळपास मीटरभर पसरतात. भेकराची छाती, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून, जेमतेम ताटलीएवढी. बाकी जनावर म्हणजे पोट, पाय आणि हवा. शिवाय गोल छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. म्हणजे ताटलीत एखादा छर्रा गेला तर नशीब, नाहीतर पोटात दोन आणि पायात एक. आमच्या भेकराचा हिशोब तंतोतंत हाच होता.

गोळी मारते ती धक्क्याने नाही. फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्तदाब एकदम कोसळतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांत जनावर आडवं होतं. म्हणून रायफलीच्या शिकारी गोळीचं टोक मऊ असतं, शिसं उघडं ठेवलेलं. आत गेल्यावर ती अळंबीसारखी उमलते, दुपटीच्या आसपास रुंद होते आणि आपली ऊर्जा तिथेच सोडते. लष्करी गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं. ती बऱ्याचदा उमलत नाही, आरपार निघून जाते. मागे बारीक भोक आणि मैलभर पळून झुडपात मरणारं जनावर.

यातली गंमत बघा. उमलणाऱ्या गोळीचं बदनाम नाव आहे ‘दमदम’, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. १८९०च्या दशकात इंग्रजांनी ती तिथे बनवली आणि १८९९च्या हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली, कारण माणसाला होणारी जखम भयानक. म्हणजे माणसासाठी जी क्रूर ठरली, तीच हरणासाठी दयाळू. कारण सैनिकाला जखमी करून लढाईतून बाहेर काढलं तरी पुरतं, मागे त्याला उचलायला इस्पितळ असतं. भेकराला इस्पितळ नसतं. एवढा साधा फरक आमच्या कॅलिबर-पंडिताला कुठल्याही गेमने शिकवलेला नाही.

बरं, इतर देशांत हा प्रश्न शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलाय का? नाही. जर्मनीच्या शिकार कायद्यात लिहिलंय की रो जातीच्या छोट्या हरणावर झाडलेल्या गोळीत १०० मीटरवर किमान १००० जूल शिल्लक हवेत. त्याहून मोठ्या खुरांच्या जनावराला किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि २००० जूल. खुरांच्या जनावरावर छर्रे मारायलाच बंदी. इंग्लंडच्या १९९१च्या कायद्यात हरणासाठी किमान .२४० कॅलिबर, नळीपाशी साधारण २३०० जूल आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच.

आणि भेकर? इंग्लंडमध्ये चिनी भेकर बाहेरून आणलेलं. आपल्या भेकराचं चुलत भावंड, आकाराने जरा लहानच. ते तिथे बेसुमार वाढलं. त्याच्यासाठी २००७ साली वेगळी तरतूद झाली: किमान .२२० कॅलिबर, गोळी किमान ३.२४ ग्रॅमची, ऊर्जा साधारण १३५० जूल. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला बारा बोअरचा अपवाद आहे, पण तोही असा: एकसंध गोळी असेल तर किमान २२.६८ ग्रॅमची आणि छर्रे असतील तर अमुकच जाडीचे. अपवादसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला!

म्हणजे मथळ्यातल्या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त ते रेवसला नाही, लंडनला आहे. इंग्रज आपल्याला बंदूक देऊन गेले, परवान्याची भीती देऊन गेले. आपली .३१५ रायफलही त्याच भीतीची संतती: लष्कराचं काडतूस नेटिवाच्या हाती नको म्हणून वेगळं बोअर. मात्र जनावराला किती वेदना द्यायची मुभा आहे, हा हिशोब त्यांनी नंतर आपल्या घरी बसून केला. आपण तो करायला बसलोच नाही.

इथे दुसऱ्या प्रकारचा वाचक म्हणेल, आपल्याकडे शिकारच नाही तर हिशोब कशाला? अहो, आहे. त्याच १९७२च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका असलेलं जनावर मारायची परवानगी देता येते. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ती दिली जाते. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला दोनशेहून अधिक नीलगायी अशाच सरकारी मंजुरीने मारल्या गेल्या. तेव्हा केंद्रात प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, एकाच सरकारचे दोन मंत्री, जाहीरपणे आमनेसामने आले. मारावं की मारू नये यावर रान उठलं. कशाने मारावं, किती अंतरावरून, जखमी झालेलं शोधायची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्या कलकलाटात मला कुठे ऐकू आले नाहीत.

केरळने रानडुकरांसाठी २०२२ मध्ये स्थानिक संस्थांना अधिकार दिले, तेव्हा निदान विष, स्फोटकं आणि विजेचा धक्का वापरायचा नाही अशी अट घातली. त्याआधी २०२० मध्ये तिथेच स्फोटक भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली होती. आपल्याकडे कोकणात फासकी लागतात डुकरासाठी आणि त्यात अडकतो बिबट्या. ‘विषयच नको’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तुम्ही गोळीबद्दल बोलायचं टाळलंत म्हणून जनावर वाचत नाही. ते तारेने मरतं, बॉम्बने मरतं, छर्ऱ्याने मरतं.

आणि गोळीचं ज्ञान असणं म्हणजे प्राण्यांवर प्रेम नसणं, हे कोणी सांगितलं? रेवसपासून जवळच्या किहीमला १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करणारे सलीम अली बंदूकही चालवत. संग्रहासाठी पक्षी मारताना पिसं खराब होऊ नयेत म्हणून किती बारीक छर्ऱ्याचं काडतूस घ्यायचं, हे त्या काळच्या पक्षिशास्त्रज्ञाला कळावंच लागे. काळ बदलला, दुर्बीण आली, चांगलं झालं. पण अज्ञान ही काही करुणा नव्हे.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो मामानेच काढला. "गावागावात रायफली आल्या तर माणसं मरतील." बरोबर. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि आमच्याकडे एका वाडीची हद्द संपायच्या आत दुसरी सुरू होते. डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात नव्या नाहीत. म्हणून घरोघर रायफल नकोच. तालुक्यात चार माणसं हवीत, परीक्षा घेऊन निवडलेली. शंभरात नव्वद वेळा ताटलीत गोळी बसवता आली तरच परवानगी. मचाणावरून, खाली जमिनीच्या दिशेने, जनावर ओळखूनच. आणि परवानगीच्या कागदावर काडतूस लिहिलेलं हवं: मऊ टोकाची गोळी, इतके ग्रॅम, इतके जूल, इतकं अंतर. बारा बोअर वापरायचीच तर एकसंध गोळी. तीच बंदूक, पण २८ ग्रॅमची एक गोळी साडेचारशेच्या वेगाने गेली तर सुमारे २८०० जूल एका जागी. छर्ऱ्याच्या जवळपास आठपट. बंदूक बदलायचीही गरज नाही, आत काय भरता ते बदला. जखमी जनावर सुटलं तर ते शोधणं सक्तीचं, प्रत्येक काडतुसाची वहीत नोंद.

"एवढं लिहून ठेवलंत तर चोरटे शिकारी शिकतील." चोरट्याला हे सगळं आधीच येतं हो. येत नाही ते आपल्याला, कायदा लिहिणाऱ्याला आणि मत देणाऱ्याला.

आपण ऑफिसात एक बटण निळं की हिरवं यावर दोन तास मीटिंग घेतो. चार पानांचं स्पेसिफिकेशन नसेल तर कामाला हात लावत नाही. एका जिवाला मारायची परवानगी देताना मात्र साधन कोणतं हा रकाना धड भरून घेत नाही. याला अहिंसा म्हणत नाहीत. याला कामचुकारपणा म्हणतात.

असो.

ता.क. मित्राने काल विचारलं, "मग .३०८ की .३०-०६?" म्हटलं, दोन्ही चालतील. आधी फुगे पाचातले पाच फोड.