दोन डॉक्टर, एक पेशंट
के रेडफिल्ड जेमिसन १९७४ साली लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात मानसोपचार विभागात सहायक प्राध्यापक झाल्या आणि काही महिन्यांतच त्यांना बायपोलर या मनोविकारातल्या उन्मादाने झपाटलं. झोप नाही, पैसा पाण्यासारखा चाललाय, आणि खरेदीत सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या पेट्या! मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं सोडून त्यांनी आधी घोडा विकत घेतला होता. शेवटी ज्या डॉक्टरांकडे त्या गेल्या, ते यूसीएलएतलेच, त्यांच्या ओळखीचे. त्यांनी लिथियम सुरू केलं. बाईंनी ते पुन्हा पुन्हा बंद केलं, मध्ये जीव द्यायचाही प्रयत्न झाला; तरी डॉक्टर वर्षानुवर्षं पाठीशी उभे राहिले. गोळीने आजार आटोक्यात येतो, पण माणूस सावरतो तो बोलण्यातून, असं जेमिसन मानतात आणि दोन्ही हवंच म्हणतात. मात्र लिथियमच्या मोठ्या डोसमुळे त्यांना नीट वाचता येईना. प्राध्यापकाचं वाचन जाणं म्हणजे काय, ते प्रिस्क्रिप्शनवर दिसत नाही. पुढे डोस कमी झाला, तेव्हा पुस्तकं परत आली. दुसरा एक डॉक्टर मात्र म्हणाला, तुम्ही मूल होऊ देऊ नका. आपण चांगली आई होणार नाही म्हणून, की जगात आणखी एक असा रुग्ण नको म्हणून, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं, दोन्ही कारणांसाठी! त्या तिथून निघाल्या आणि गाडीत जाऊन रडल्या. याच बाईंनी १९९० साली फ्रेडरिक गुडविन यांच्यासह या आजारावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला, जो मानसोपचार शिकणारे डॉक्टरच अभ्यासतात. स्वतःचा आजार त्यांनी जाहीर केला तो त्यानंतर, १९९५ साली.