आधी तपासणी, मग नवा पडदा

लॅपटॉपचा पडदा काळा पडला की ‘स्क्रीन गेली’ म्हणत दुकानात पुष्कळदा थेट नव्या पॅनेलचा भाव सांगितला जातो. रुग्णाला हातही न लावता एमआरआय लिहून देण्यासारखेच हे. निम्मे निदान तर घरीच, फुकटात होते.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा. तिथे चित्र स्वच्छ आले, तर दोष बहुतेक पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. झाकण पुढेमागे करताना चित्र येते-जाते? मग संशय बिजागरीजवळून जाणाऱ्या केबलवर. रोजच्या उघडझापीने ती झिजते आणि पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त मिळते. अंधारात काळ्या पडद्यावर टॉर्च तिरपी धरून अंधूक चित्र दिसले, तर पॅनेल काम करते आहे. गेला आहे तो मागचा प्रकाश. तडा किंवा शाईसारखा डाग असेल, तर मात्र पॅनेल बदलण्यावाचून इलाज नाही. नवे घेताना जुन्याच्या पाठीवरचा क्रमांक जुळवावा. 30 पिनांच्या जागी 40 पिनांचे चालत नाही.

काटकसर म्हणून मुलांनी लुकलुकत्या पडद्यावर महिनोन्महिने अभ्यास करणे मात्र चूक. डोके दुखते, डोळे शिणतात, आणि घरचे चष्म्याचा नंबर तपासायला धावतात! दुरुस्ती होईपर्यंत टीव्ही किंवा जुना मॉनिटर जोडून काम भागते. अपस्माराच्या रुग्णाने तर अशा पडद्यासमोर बसूच नये.

कीबोर्ड वर उचललेला दिसला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप घरी उघडू नये, चार्जरलाही लावू नये.