विंडोज १० चं अपडेट: जुगाड नको, तारीख ठरवा



"सर, दुकानातला कॉम्प्युटर मस्त चालतोय. बिलं निघतात, जीएसटी भरला जातो. मग बदलायचा कशाला?" तासगावच्या बाजारपेठेत हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. पण 'चालतोय' आणि 'सुरक्षित आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडणार नाही. पण सिस्टीममध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवणारं अपडेट आता आपोआप येत नाही. त्याच मशीनवर आपलं नेट बँकिंग, उधारीचा हिशोब आणि गिऱ्हाइकांचे नंबर असतात.

मग सुरू होतो जुगाड. कुणीतरी पेनड्राइव्हवर 'पॅच' आणतो, अँटीव्हायरस बंद करायला लावतो आणि म्हणतो, "झालं, आता अपडेट फुकटात येत राहतील." माझं मत स्पष्ट आहे: हे करू नका. त्या प्रोग्रॅमला आपण ॲडमिनचे सगळे अधिकार देतो, म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात गल्ल्याची किल्ली. आत अजून काय आहे, ते आपल्याला कळत नाही.

अपडेट कुठून येतं हे किती महत्त्वाचं, ते २०१७ साली दिसलं. 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. २७ जूनला मर्स्क कंपनीचे कॉम्प्युटर ठप्प झाले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडलं. मर्स्कचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. हा व्हायरस विंडोजच्या ज्या भोकाचा फायदा घेत होता, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. तो चोरलेल्या पासवर्डवरूनही पसरत होता, त्यामुळे एकट्या अपडेटने सगळं वाचलं असतं असं नाही. पण ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून एवढं होतं, तर बिनओळखीच्या पेनड्राइव्हचं काय?

सरळ रस्ता आहे: मायक्रोसॉफ्टची 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' योजना. घरगुती मशीनला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप सुरू केला तर फुकट. धंद्याच्या मशीनचं लायसन्स वेगळं. पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त ३ वर्षं. म्हणजे ६१, १२२, २४४. एका मशीनचे एकूण ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी घुसलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे सुटत नाहीत.

हा दर मुद्दाम असा आहे. कोल्ड स्टोरेजचं भाडं भरून बेदाणा किती दिवस धरायचा, हे आपल्या व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. भाव येईपर्यंत थांबायचं, कायमचं भाडं भरायचं नाही. ही योजनाही तशीच समजा: थांबायला वेळ मिळतो, मुक्काम करता येत नाही.

नवीन मशीन म्हणजे खर्च, आणि मंदीत तो टोचतो, मान्य. म्हणून एवढं तरी करा:

१. 'विनव्हर' कमांड देऊन व्हर्जन बघा. २२एच२ नसेल तर आधी ते घ्या, त्याशिवाय योजनेत नाव लागत नाही.

२. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक'ने मशीन विंडोज ११ ला चालेल का तपासा. चालत असेल तर तिथेच प्रश्न मिटला.

३. चालत नसेल आणि योजनाही घेणार नसाल, तर त्या मशीनचं इंटरनेट काढा आणि ते फक्त बिलिंगला ठेवा. बँकेचं काम दुसऱ्या, सपोर्ट असलेल्या मशीनवर करा.

४. हिशोबाचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

आणि जुनं मशीन कधी बदलणार ती तारीख आजच ठरवून खर्चाच्या वहीत लिहा. तारीख नसली की 'पुढच्या सीझनला बघू' म्हणत वर्षं जातात, आणि मग ती तारीख चोर ठरवतो.