विलंब हाच कर्ता

वर्गात प्रयोग शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे 'विलंब झाला' हे वाक्य ठेवतो. कर्ता कोण? थोडे घुटमळून उत्तर येते, 'विलंब'. व्याकरणदृष्ट्या ते बिनचूक आहे. शासनाच्या आत्मपरीक्षणाची भाषा याच बिनचूक उत्तरावर उभी आहे, असा आमचा आरोप आहे.

आमच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निळवंडे धरण घ्या. १९७० साली सुमारे ८ कोटी रुपयांचा म्हणून मंजूर झालेला हा प्रवरेवरील प्रकल्प ५,१७७ कोटींवर गेला. डाव्या कालव्याचे उद्घाटन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अकोले तालुक्यात ज्यांनी जमिनी दिल्या आणि खाली संगमनेर-राहात्याकडे ज्यांनी पाण्याची वाट पाहिली, त्यांच्या दोन पिढ्या या अंतरात सरल्या.

मध्यंतरी आत्मपरीक्षण झालेच नाही, असे नव्हे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने दहा वर्षांत राज्याच्या सिंचनक्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्का वाढल्याचे नोंदवले. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडले, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात ते पदावर परतले. श्वेतपत्रिकेने वाढ ५.१७ टक्के सांगितली आणि खर्चवाढीची कारणे म्हणून भूसंपादन, पुनर्वसन, दरवाढ यांकडे बोट दाखवले. कारणे खोटी नव्हती. विस्थापितांचा लढा तर न्याय्यच होता. परंतु पुनर्वसन मागे ठेवून बांधकाम पुढे नेण्याचे कोणीतरी ठरवलेले असते. कारणांची यादी म्हणजे कबुली नव्हे.

पुढे सत्तांतर झाले. चितळे समितीपुढे बैलगाडीतून पुरावे नेणारा पक्ष २०१४ मध्ये सत्तेवर आला. २०२३ मध्ये तो आणि अजित पवार एकाच मंत्रिमंडळात बसले. विरोधात असताना 'ते चुकले' म्हणणे सोपे असते. 'ते' आणि 'आम्ही' एका बाकावर आले की दोष द्यायला सर्वनामच उरत नाही. मग उरतो तो विलंब.

अभ्यासक्रमातील 'आज्ञापत्र' आम्हांस येथे आठवते. राजारामांच्या पडत्या काळात वतने दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती होता. त्यांच्याच 'आज्ञापत्रा'त वतने देण्याविरुद्ध निक्षून बजावले आहे. 'आम्ही चुकलो' अशी कबुली त्यातही नाही. पण आपल्याच कारकिर्दीतील धोरण पुढच्या राज्यकर्त्याने चालवू नये, एवढे सांगण्याचे धैर्य आहे. आपल्या श्वेतपत्रिकांकडून आम्ही याहून अधिक मागत नाही: कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा आणि तो पुन्हा का घेऊ नये.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पडावे, कारण आमच्या वर्गातील कित्येक मुले स्पर्धापरीक्षा देत आहेत. उद्या तहसील कार्यालयात बसून टिप्पणी लिहिणारे हात तेच असतील. तेथे त्यांनी 'विलंब झाला' असे लिहिले, तर ते वाक्य आम्हीच शिकवले, हे आम्हांस मान्य करावे लागेल.